पेनड्राइव्हवरचं वऱ्हाड

हा सांगलीचा आयर्विन पूल. सकाळचे साडेसहा वाजलेत, खाली कृष्णा एकदम शांत आहे. पुलावरून गावात आलं की जवळच पेठेत हे छोटं दुकान लागतं, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, व्हिजिटिंग कार्ड, सगळं इथं होतं. भिंतीवर ही काळपट रेघ दिसतेय ना, ती २०१९च्या महापुराची. पाणी इथवर होतं. तेव्हा दुकानाच्या मालकांनी, म्हणजे आपल्या काकांनी, बाकी सगळं सोडून आधी हा सीपीयू माळ्यावर चढवला होता, आणि आपली गोष्ट या सीपीयूचीच आहे.

२०१३चं मशीन, आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम. आत सगळं क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता चोरून चालवलेलं, सिस्टीम पण आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर पण, मशीन घेतलं की ते सोबत टाकूनच मिळायचं, ओरिजिनल असतं हे विचारायची पण कुणाला सवय नव्हती. मग गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन यायचं, लावला की व्हायरस शिरून सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट, की परत फॉरमॅट. दोन-तीन महिन्यांनी एकदा हे ठरलेलंच.

आता हा स्क्रीन नीट बघा. काकांच्या जुन्या सीडीतली २००९ची एक पत्रिका आम्ही माझ्या लॅपटॉपवर उघडली. श्री गणेशाय नमः असायला पाहिजे तिथं काय आलंय, इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, मध्येच एक डॉलर. फाईल बिघडलेली नाही बरं का. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची, म्हणजे फाईलच्या पोटात मराठी नव्हतंच कधी, फॉन्ट होता तोवर मराठी दिसत होतं इतकंच. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. ती शांतता आम्ही व्हिडिओत तशीच ठेवलीय.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. त्यात लिनक्स मिंट होतं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, तिची एक्सएफसीई नावाची हलकी एडिशन, जुन्या मशीनला हेच बरं पडतं, दोन जीबी रॅमवर पण चालतं. वेबसाइटवरून फाईल उतरवायची, पेनड्राइव्हवर बूटेबल करायची, मशीन चालू होताना बूट मेन्यूचं बटण दाबायचं (या मशीनला एफ-१२, प्रत्येकाचं वेगळं असतं) आणि पेनड्राइव्ह निवडायचा. बास. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. ही जी हिरवट खूण असलेली स्क्रीन येतेय ती सगळी रॅममध्ये चाललीय, हार्डडिस्कला अजून हात पण लागलेला नाही, पेनड्राइव्ह काढून मशीन परत चालू केलं की जुनं जसंच्या तसं. लोक लिनक्स म्हटलं की घाबरतात, सगळं उडेल म्हणतात, त्यांना मला हीच गोष्ट आधी सांगायची आहे. बघायला काही लागत नाही. आठ दिवस नुसतं बघा.

काकांनी आठ दिवस तेच केलं. एकदा मात्र अख्खी पत्रिका टाइप केली आणि सेव्ह न करता मशीन बंद केलं. रॅममधलं होतं, गेलं. लाइव्हमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता असं पेनड्राइव्हवरून, काम केलं तर फाईल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवायची, हे मी आधी सांगायला पाहिजे होतं.

(प्रिंटरचा आवाज, मग निवेदन)

हा प्रिंटर यूएसबीला लावला आणि आपोआप यादीत आला, सीडी नाही, ड्रायव्हर शोधणं नाही. इथं एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण मुक्त सॉफ्टवेअरची ही सगळी चळवळ प्रिंटरपासूनच सुरू झाली असं म्हणतात. १९८०च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. लॅबमधला नवा लेझर प्रिंटर सारखा कागद अडकवायचा. आधीच्या प्रिंटरला त्यानं सोय करून ठेवली होती, कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना स्क्रीनवर निरोप जायचा. नव्यालाही तसंच करायचं तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, पाहिजे, तो ज्याच्याकडे होता त्यानं दिला नाही, कुणाला देणार नाही असं कबूल करून बसलो म्हणाला. २७ सप्टेंबर १९८३ला स्टॉलमननं ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरा, आत काय आहे ते उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, या चार गोष्टींची मोकळीक. मग २५ ऑगस्ट १९९१ला फिनलंडमधल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं सांगितलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, छंद म्हणून. त्याचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिनक्स, आणि ग्नूची हत्यारं एकत्र आली, आणि आज काकांच्या टेबलावर जे चाललंय ते त्यातूनच आलं. इंग्रजीत फ्री म्हटलं की घोटाळा होतो, आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, दोन शब्द आहेत. हे मुक्त आहे. फुकट तर क्रॅकवालं पण होतं.

नवव्या दिवशी काकाच म्हणाले, "टाक आता, बघूया की काय होतंय." आधी सगळ्याचा बॅकअप, मग इन्स्टॉल, मग इंकस्केप. डिझाइनसाठी हे २००३पासून जगभरातले लोक मिळून करतायत. फॉन्ट घेतला मुक्ता, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, पत्रिकेत वापरा, फ्लेक्सवर वापरा, लायसन्सला कसली अडचण नाही.

आणि आता काकांची परीक्षा. कुठलंही नवीन सॉफ्टवेअर आलं की ते एकच शब्द टाइप करून बघतात, वऱ्हाड. पत्रिकेत हा शब्द चुकला की गिऱ्हाईक दारात उभं राहतं. त्यांचा हात टाइपरायटरच्या लेआउटवर बसलेला, इथं इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड लेआउट, त्यामुळे एकेक बटण शोधतायत. बी दाबलं, व आला. शिफ्ट दाबून जे. डी, हा पाय मोडायला. यू म्हणजे ह, ई म्हणजे काना, आणि शेवटी चौकोनी कंसाच्या बटणावर ड. बघा, र चंद्रकोरीसारखा वळून ह ला चिकटला.

"आलं की रं!"

आता तीच फाईल आम्ही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतोय, जिथं डिझाइन दिसतच नाही, नुसता कोड. खाली या. अजून खाली. हे बघा, एवढ्या सगळ्या आकड्यांच्या आणि खुणांच्या मध्ये, सरळ मराठीत, वऱ्हाड. उद्या इंकस्केप नसलं, हा फॉन्ट नसला, तरी हा शब्द या फाईलमध्ये असाच राहणार.

सगळंच जमलं असं नाही, छपाईच्या चार रंगांचं काम इंकस्केपमध्ये नीट होत नाही, त्याला स्क्रायबस हे छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर शिकावं लागतंय, आणि फ्लेक्स अजून बाहेर दुसरीकडं करून घेतात, त्यात दोन गिऱ्हाइकं तुटली पण.

विश्रामबागला वालचंद कॉलेजात लिनक्स युझर्स ग्रुप आहे, मुलंच चालवतात. काकांना ते माहीतच नव्हतं, बावीस वर्षं याच गावात दुकान आहे.

हा शेवटचा शॉट दुपारचा. टेबलावर भडंगाची पुडी, बाजूला सीड्यांचा डबा, प्रत्येकीवर मार्करनं साल लिहिलंय. काका एकेक जुनी पत्रिका उघडतात, ती इंग्रजी अक्षरं कॉपी करतात, फॉन्ट कन्व्हर्टरमध्ये टाकतात, आलेलं मराठी वाचून चुका काढतात आणि नव्या फाईलमध्ये ठेवतात. दिवसाला पाच-सहा होतात. आज २००९ची सीडी चालू आहे.