अडीच वेढे, बावीस ठिपके

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, परवा ओपीडीत राधानगरीकडची एक आई आली होती. दीड वर्षाच्या पोराचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, मशीन आदल्याच आठवड्यात चालू केलेलं. पोरगं भांडं वाजलं की दचकत होतं, म्हणून आई खूश होती. उठता उठता तिनं विचारलं, "मॅडम, ह्येला माझा आवाज माझ्यागत ऐकू येत असंल का हो?" इतकी वर्षं श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते, पण मी चाचरले. तिला घाईत दिलेलं उत्तर आज जरा सवडीनं देते.

आतला कान म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी, उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर. तिला कॉक्लिआ म्हणतात. एखाद्या पेटीची पट्टी गुंडाळून शंखात बसवावी तशी तिची रचना आहे. दाराशी सगळ्यात वरच्या पट्टीचे स्वर, आणि आत शेवटच्या वळणावर खर्ज. ज्या उंचीचा आवाज, त्या जागी नळीतला पडदा जास्त हलतो. तिथल्या सूक्ष्म केसपेशी त्या हालचालीची वीज करून नसेला देतात. मेंदूकडे निरोप धाडणाऱ्या मुख्य केसपेशी साधारण साडेतीन हजार, आणि नसेचे तंतू तीसेक हजार. जन्मतः किंवा नंतर बहिरेपण आलेल्या बहुतेकांच्या केसपेशी गेलेल्या असतात, नस मात्र बऱ्यापैकी शाबूत असते. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण तो घ्यायला केसपेशीच नसतील तर मोठा करून काय उपयोग? इम्प्लांट केसपेशींना वळसा घालून थेट नसेला वीज देतो.

कानामागच्या मशीनचा माइक आवाज टिपतो, प्रोसेसर त्याच्या उंचीप्रमाणे फोडी करतो. चुंबकानं डोक्याला चिकटलेली चकती तो हिशेब कातडीखालच्या भागाला बिनतारी पोचवते. तिथून सिलिकॉनचा एक मऊ दोरा कॉक्लिआत शिरतो. त्या दोऱ्यावर प्लॅटिनमचे ठिपके असतात, कंपनीप्रमाणे १२, १६ किंवा २२. वरच्या पट्टीचा आवाज आला की दाराजवळचा ठिपका पेटतो, खालचा आला की आतला. हा दोरा वेढ्यांतून आत सरकवायचा कसा, हे मेलबर्नचे कानाचे सर्जन ग्रॅम क्लार्क यांना सुटेना. १९७७ साली समुद्रकाठी बसले असताना त्यांनी गवताचं पातं एका शंखात घालून पाहिलं. बुडाशी ताठ आणि टोकाला लवचिक असलेलं पातं वळणं घेत आत गेलं. पुढच्याच वर्षी त्यांनी अनेक ठिपक्यांचा इम्प्लांट माणसाच्या कानात बसवला.

आता अडचण. कॉक्लिआत खारट पाणी असतं आणि खाऱ्या पाण्यात वीज पसरते. टिपकागदावर शाईचे थेंब जवळजवळ टाकले की ते एकमेकांत मिसळतात, तसंच इथं होतं. ठिपके एकदम पेटवले तर बाजाराच्या दिवशीचा लक्ष्मीपुरीतला गलकाच. अमेरिकेतले संशोधक ब्लेक विल्सन यांनी १९९१ साली मांडलेली युक्ती ऐकायला साधी आहे. सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही. एका क्षणी एकच ठिपका, मग दुसरा, पण हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा फिरवायचं. बोलणं कळण्यात त्यानं मोठी झेप घेतली. क्लार्क, विल्सन आणि व्हिएन्नाच्या इंगेबोर्ग होखमायर यांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार २०१३ साली मिळाला, तो याच कामासाठी. तरी पसरण पूर्ण जात नाही. ठिपके बावीस असले तरी मेंदूला वेगवेगळे कळतात ते आठच्या आसपास.

आणि गंमत अशी, की शब्दांना तेवढे पुरतात! रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं, की आवाजाच्या फक्त चार जाड फोडी ठेवल्या तरी शांत खोलीतली वाक्यं चांगल्या कानाच्या माणसाला ओळखता येतात. भाषा उदार आहे, गाळलेल्या जागा आपण भरतो.

पण आपण बसलोय कोल्हापुरात, जिथं जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब राहिले आणि शिकवून गेले. त्यामुळं कुणीतरी विचारणारच, बावीस ठिपके म्हणजे बावीस श्रुती का? नाही हो! आकडा जुळला, एवढंच. श्रुती म्हणजे स्वरांमधले बारीक टप्पे, ते एका सप्तकात बावीस. हे बावीस ठिपके सेकंदाला साधारण २०० पासून ८००० आंदोलनांपर्यंतचा (कंपनांचा), म्हणजे सव्वापाच सप्तकांचा सगळा मुलूख वाटून घेतात. एका सप्तकाच्या वाट्याला जेमतेम चार! साध्या पेटीला बारा असतात. स्वर कळायची दुसरी वाट म्हणजे विजेच्या ठोक्यांचा वेग, पण बहुतेकांच्या बाबतीत सेकंदाला तीनेकशे ठोक्यांच्या पुढं वेग वाढला तरी स्वर चढल्याचं कळत नाही. काळी पाच पट्टीचा षड्ज, म्हणजे सा, २३३ आंदोलनांचा, त्याचा मध्यम, म्हणजे म, ३११ चा. म्हणजे मध्यमाशीच ती वाट बंद. हलगी, लेझीम, पोवाड्याचा डफ झकास पोचतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणारी मींड पोचत नाही.

शिवाय दोरा बहुतेकदा शेवटच्या वळणापर्यंत जात नाही. मग खर्जाचा निरोप वरच्या स्वराच्या जागी दिला जातो. ऐकू येत असताना बहिरेपण आलेल्या माणसांना सुरुवातीला सगळे जण बारीक आवाजात बोलल्यासारखे वाटतात, ते यामुळंही. आता स्कॅनवर कॉक्लिआ मोजून दोऱ्याची लांबी आणि स्वरांची वाटणी ठरवायचे प्रयत्न चालू आहेत. जर्मनीत ग्यॉटिंगेनला टोबियास मोझर यांचा गट नसेच्या पेशी प्रकाशाला जाग्या होतील अशा करून विजेऐवजी प्रकाश वापरायच्या मागं आहे. प्रकाश पाण्यात विजेइतका पसरत नाही. काम अजून प्राण्यांवर आहे, तेव्हा वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन उद्या माझ्याकडं येऊ नका.

म्हणून त्या आईला सांगितलं, तुझा आवाज तुला येतो तसा त्याला येत नाही. पण त्यानं दुसरा कुठला ऐकलेलाच नाही. मशीनमधून येतो तोच त्याच्या लेखी आईचा आवाज. वर्षा-दोन वर्षांच्या आत सुरुवात झाली तर मेंदू त्या आवाजावरच भाषा उभारतो. खरं नुकसान करतं ते "त्येचा बाप बी उशिराच बोलला" हे वाक्य. शंका आली की बेरा, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदू दाद देतात का ते बघायची तपासणी, करा. लहान मुलांसाठी दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळतो, उत्पन्नाची अट आहे. मॅपिंग (मशीन त्या-त्या कानाला जुळवून घेणं) आणि स्पीच थेरपीच्या खेपा मात्र टळत नाहीत. गगनबावड्याच्या पावसात मशीन रोज रात्री सुकवायच्या डबीत ठेवणं, हाही उपचारच.

मोठ्या माणसाचं वेगळं. कागलकडचे एक भजनी बुवा टीबीच्या इंजेक्शनांनंतर बहिरे झाले. इम्प्लांटनंतर टाळ पहिल्या दिवसापासून टाळासारखे लागले. पेटी म्हणजे "भात्यातनं वारं सुटल्यागत". मी त्यांना रोज एकच पाठ असलेला अभंग ऐकायला सांगितला, शब्द समोर ठेवून. आठ महिन्यांनी म्हणाले, "चाल डोक्यात हुतीच. कानानं तिला नुसती हाक मारली." नवी चाल मात्र अजून कळत नाही, आणि स्वतःचा सूर लागला की नाही तेही नाही. त्यांनी गाणं सोडलं, भजन सोडलं नाही. मंडळाला बजावून सांगितलंय, पेटी लांब ठेवा, मला पखवाजाला खेटून बसवा.