हशाआड दडलेला खुनी

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचं आहे विनोदी रहस्यपटाबद्दल, आणि तो थिएटरात जाऊन पाहण्याबद्दल. खून झालेला आहे, घरात सात-आठ संशयित आहेत, डिटेक्टिव्ह येऊन बसलाय आणि तरी सगळं प्रेक्षागृह हसतंय. रहस्याला विनोदाची फोडणी दिली की झाला असा सिनेमा, असं पुष्कळांना वाटतं. मला तो फार अवघड प्रकार वाटतो. गंभीर रहस्यपटात कॅमेरा एखाद्या वस्तूवर जरा जास्त रेंगाळला की आपण लगेच सावध होतो. तीच वस्तू विनोदातून समोर आली की आपण हसून मोकळे होतो, आणि पुरावा डोळ्यांदेखत निसटतो.

रायन जॉन्सन या दिग्दर्शकाचा २०१९ सालचा ‘नाइव्ह्ज आउट’ घ्या. हार्लन थ्रॉम्बी हा गडगंज श्रीमंत रहस्यकथालेखक. ८५व्या वाढदिवसाची पार्टी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गळा चिरलेल्या अवस्थेत सापडतो. त्याची काळजी घेणारी नर्स मार्ता हिची एक अडचण आहे: खोटं बोललं की तिला उलटी होते. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा थिएटर खदखदतं. पण जरा विचार करा. रहस्यकथा उभी असते ती माणसांच्या खोटं बोलण्यावर. इथे जिला खोटं बोलताच येत नाही, तिच्याकडेच लपवण्यासारखं काहीतरी आहे! मग डिटेक्टिव्हनं साधा प्रश्न विचारला तरी आपला जीव टांगणीला लागतो. विनोद तोच, पण आता त्याची धास्ती वाटते. मार्ताच्या भूमिकेत आना दे आर्मास या अभिनेत्रीनं हे फार जिवंत केलंय.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. मार्ता आम्हाला घरच्यासारखीच, असं हे कुटुंब सांगत राहतं. पण ती मूळची कुठली? कुणी म्हणतं इक्वेडोर, कुणी पराग्वे, कुणी उरुग्वे. दरवेळी हशा येतो, आणि हळूहळू त्यात चीडही मिसळते. या माणसांचा अख्खा स्वभाव दिग्दर्शकानं एका गमतीत सांगून टाकलाय.

आणि सिनेमा निम्म्यावर यायच्या आतच, मृत्यू कसा झाला ते तो दाखवून टाकल्यासारखं करतो. पुढचं मी सांगणार नाही.

आपल्याकडे परदेशी सिनेमालाही मध्यंतर असतं. दिग्दर्शकाच्या मनात ते नसतं, त्यामुळे कित्येकदा नको तिथे रसभंग होतो. विनोदी रहस्यपटाला मात्र ते फार मानवतं. पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहून, ‘तो जावई बघ, तोच असणार’ असं आपण म्हणावं आणि मागच्या अनोळखी माणसानं ‘छे, छे, जावई नाही’ म्हणून मध्येच तोंड घालावं, हे घरी सोफ्यावर बसून कसं मिळणार? शिवाय सगळे एकदम हसतात तेव्हा पुढचा संवाद त्या आवाजात बुडतो, आणि नेमका तोच महत्त्वाचा असू शकतो. म्हणून मी म्हणेन, असा सिनेमा दुसऱ्यांदाही पाहा. या वेळी लोक हसतील तेव्हा तुम्ही पडदा नीट बघा.

ही परंपरा जुनी आहे. १९३४ सालच्या ‘द थिन मॅन’मध्ये नवरा-बायकोच्या भूमिका करणाऱ्या विल्यम पॉवेल आणि मिर्ना लॉय या जोडीनं अमेरिकेतल्या मंदीच्या दिवसांत लोकांना हसवत हसवत खुनी शोधून दाखवला. त्यातही शेवटी सगळ्या संशयितांना जेवायला बोलावलं जातं!

१९८५ साली ‘क्लू’ या सिनेमानं वेगळंच धाडस केलं. त्याचे तीन शेवट होते आणि वेगवेगळ्या थिएटरांत वेगवेगळा शेवट दाखवला गेला. म्हणजे एका थिएटरात एक खुनी, दुसऱ्यात दुसराच. सिनेमा चालला नाही. मला त्याचं कारण स्पष्ट दिसतं. रहस्यपट पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी कुणाशी तरी बोलायचं असतं, आणि इथे दोघांनी एकच सिनेमा पाहिलेला नसायचा. पुढे व्हिडिओवर तिन्ही शेवट एकापाठोपाठ आले, तेव्हा लोकांनी तो डोक्यावर घेतला.

लंडनमध्ये १९५२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘द माउसट्रॅप’ या रहस्यनाटकात प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आपल्या थिएटरांत अशी विनंती कुणी करत नाही, म्हणून ती मी करतो. खेळ सुटल्यावर पुढच्या खेळाची माणसं दारात उभी असतात. त्यांच्याजवळून जाताना खुन्याचं नाव घेऊ नका. आणि ‘नाइव्ह्ज आउट’ पाहणार असाल, तर त्यातली कुत्री भुंकतात तेव्हा कान द्या.

नमस्कार.