चौकोन अकरा, आईचं लुगडं

(गच्ची, सकाळ. जमिनीवर पसरलेलं लुगडं, चारही कोपऱ्यांवर विटा.)

कोथरूडमधल्या एका इमारतीची ही गच्ची. विटांखाली ताणून धरलेलं हे जांभळं लुगडं ज्यांचं, त्या आता नाहीत. त्यांची सून आज ७८ वर्षांची आहे, आणि बघा, एका हातानं कठडा धरत ती त्याच लुगड्यावर मांडी घालून बसते आहे. गोधडीला चौकट लागत नाही. शिवणारी बाई तिच्यावरच बसते. तिच्या वजनानंच थर जागेवर राहतात.

नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार तुकडे करायचे आणि दोन-दोन शेजारी जोडायचे. एका लुगड्यातून असे दोन थर निघतात, एक तळाचा आणि एक वरचा. मधे गोधडीचं पोट. त्यात साड्या, धोतरं, विरलेली एखादी चादर. प्रत्येक थर घातला की या ७८ वर्षांच्या आजी तळहात फिरवत सुरकुती कडेपर्यंत नेतात आणि बाहेर काढतात.

(बाजूला काढलेल्या साड्यांचा ढीग.)

या साड्या बाद झाल्या. नायलॉन घसरतं, घाम टिपत नाही. जरीचे काठ आधीच उसवलेत, कारण जरतार अंगाला टोचते. नवं सुती कापडही आजी घेत नाहीत; पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. इथे मान जुन्या कापडाला. वर्षानुवर्षं धुऊन त्यातली खळ गेलेली असते, सूत मऊ पडलेलं असतं. तान्ह्या बाळाचं दुपटं आजीच्या साडीचं करतात, ते याचसाठी.

(सुया टोचलेला पुठ्ठा. लहान मुलाची बोटं.)

शेजारचा हा मुलगा शाळेत जाण्याआधी दहा सुयांत दोरा ओवून जातो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आजींना टाका नीट दिसतो, सुईचं नेढं मात्र दिसत नाही. दोरा जाड, सुती, दुहेरी. बोटात अंगुस्तान. आधी लांब लांब कच्चे टाके, मग धावदोरा. सुरुवात काठापासून. कडेनं एक फेरा पूर्ण झाला की बोटभर आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं मध्याकडे सरकत जायचं.

(इथे तीस सेकंद निवेदन नाही. फक्त सुईचा आणि गच्चीवरच्या पारव्यांचा आवाज.)

मशिनवर गोधडी शिवून देणारे पुण्यात आज बरेच आहेत, आणि ते काम चोख करतात. पण मशिन विचारत नाही, हा तुकडा कुणाचा? आजी ते विचारतात आणि लिहून ठेवतात.

(दोनशे पानी वही. पहिल्या पानावर पेन्सिलनं आखलेले चौकोन.)

वरच्या थरावर ३० चौकोन आहेत. सहा ओळी, ओळीत पाच. वहीत त्यांचा हा नकाशा. ही कल्पना आजींना राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुचली. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ उभं केलेलं हे संग्रहालय घरोघरच्या वस्तूंनी भरलेलं आहे. अडकित्ते, दिवे, कुलपं. साधा अडकित्तासुद्धा तिथे नावानिशी ओळखला जातो, हे आजींना फार आवडलं. घरी आल्या आणि वही काढली.

चौकोन चार, यजमानांचा सदरा. चौकोन नऊ, लेकीचं परकर-पोलकं. चौकोन अकरा, आईचं लुगडं.

(चौकोन अकरा, अगदी जवळून. कडेला तपकिरी डाग.)

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आजी तेव्हा चौदा वर्षांच्या, घर नारायण पेठेत. पाणी ओसरल्यावर दांडीवरचं हे लुगडं गाळात सापडलं. आईनं ते पुढे कितीतरी वर्षं नेसलं, पण डाग गेला नाही. आजींनी कात्री लावताना हाच भाग निवडला. पुराची जुनी छायाचित्रं आम्ही इथे मुद्दाम दाखवत नाही.

(स्वयंपाकघर. फळीवर स्टीलचा मोठा डबा.)

आणि हा डबा. सासऱ्यांची सगळी धोतरं बोहारणीला देऊन घेतलेला. गोधडीत सासऱ्यांचा एकही चौकोन नाही. आजींना ते आजही लागतं. बोहारणीचा काय दोष, ती तिचा व्यवसाय करते. पण आम्हाला, हे चित्रण करताना, सारखं वाटत राहिलं ते इतकंच: गाठोडं दाराशी नेण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाचा वीतभर तुकडा कापून ठेवावा. आणि सोबत चिठ्ठी.

मुलगी पुण्यात, मुलगा परदेशात. गोधडी एकच. ती कुणाकडे जाणार, हे अजून ठरलेलं नाही.

परदेशातल्या नातवंडांना मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणून रोज दुपारी, ऊन गच्चीवरून उतरलं की, आजी वही उघडतात आणि मोबाइल समोर ठेवतात.

(आजींचा आवाज: “चौकोन पहिला. हे बघ, हे तुझ्या पणजीचं...” इथून पुढे निवेदन नाही.)