वर्षाचे महिने अकरा

नमस्कार, श्रोतेहो. गुंतवणूक म्हणून घर घेऊन ते भाड्याने द्यावे, असा विचार प्रथमच करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: भाड्यातून कर्जाचा हप्ता निघेल का? हा प्रश्न अपुरा आहे, आणि तो किती अपुरा आहे हे मला ज्या प्रसंगातून कळले, तो प्रसंग आधी सांगतो.

माझे पहिले घर भाड्याने गेले, तेव्हा मी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे 'भाडे' आणि उजवीकडे 'हप्ता' असे लिहिले. बरीचशी रक्कम साठवणीतली आणि कर्ज थोडेच, त्यामुळे भाडे हप्त्याहून जास्त भरत होते. तो फरक १२ ने गुणून, खाली दोन रेघा ओढून, मी ती वही आमच्या कार्यालयातल्या ज्येष्ठ हिशेबनिसांना मोठ्या कौतुकाने दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "भाडे किती महिन्यांचे धरलेत?" मी म्हणालो, "वर्षाचे. बारा महिन्यांचे." त्यांनी माझा १२ खोडला, शेजारी ११ लिहिले आणि काही न बोलता वही परत केली. मला त्यांचा रागच आला, कारण भाडेकरू सज्जन होते आणि भाडे तारखेला येत होते.

सातव्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा फोन आला. जाऊन पाहतो तर त्यांच्या छतावर पावलाएवढा पिवळा डाग, आणि त्याच्या मधोमध एक थेंब टपकायच्या बेतात लोंबत होता. माझ्या न्हाणीघराची फरशी उखडावी लागली, नळ बदलावा लागला, वॉटरप्रूफिंग करून फरशी पुन्हा बसवावी लागली. न्हाणीघराविना कुटुंब राहणार कसे? भाडेकरूंनी घर सोडले आणि जाताना, अगदी रीतसर, आपली अनामत रक्कम मागितली. ती मी घराच्या फर्निचरमध्ये कधीच घालून बसलो होतो. (भाड्याच्या घरात हौसेचे फर्निचर करू नये, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे; भाडेकरूला ते अडगळ वाटते आणि मालकाला त्याच्यावरच्या ओरखड्यांचा ताप होतो.) दुरुस्तीचे बिल, अनामत आणि हप्ता अशी तीन देणी एकाच महिन्यात अंगावर आली आणि भाडे शून्य. बहिणीकडून उसने घेऊन मी अनामत परत केली. घर दोन महिने रिकामे राहिले.

वही घेऊन पुन्हा हिशेबनिसांकडे गेलो, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी ११ खोडून १० लिहिले, "हे यंदाचे," म्हणाले, आणि उजव्या रकान्यात हप्त्याखाली तीन शब्द वाढवले: दुरुस्ती, विमा, कर. मग डावीकडच्या भाड्यावर बोट ठेवून म्हणाले, "अहो, अनामत या बाजूची नव्हे. ते तुमच्यावरचे देणे आहे."

श्रोतेहो, ११ हा आकडा पुन्हा सांगतो. भाडेकरू बदलताना एक महिना जरी घर रिकामे राहिले, तरी वर्षाच्या भाड्यातले ८.३३ टक्के जातात. आता खरेदीच्या सगळ्या खर्चासह घराची किंमत १०० धरा आणि वर्षाचे भाडे ५ धरा. अकरा महिन्यांचे भाडे झाले ४.५८. दुरुस्तीसाठी वर्षाला किमतीच्या १ टक्का बाजूला ठेवावा असा एक ढोबळ संकेत आहे; तो वजा करा, विमा आणि कर मिळून अर्धा टक्का वजा करा, म्हणजे हाती साधारण ३ उरतात. जाहिरातीतला परतावा ५ असतो, हातातला ३ असतो.

कर्जाविषयी थोडक्यात. कर्जाचा दर ९ टक्के आणि निव्वळ परतावा ३ टक्के असेल, तर कर्ज जितके मोठे तितकी दरवर्षीची पदरमोड मोठी. शिवाय २० वर्षांच्या अशा कर्जाच्या पहिल्या हप्त्यातला सुमारे ८३ टक्के भाग व्याजात जातो, आणि निम्मे मुद्दल फिटायला जवळजवळ १४ वर्षे लागतात. दर बदलता असेल आणि तो ९ वरून १० झाला, तर मुदत तीच ठेवल्यास हप्ता सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. भाडे त्या महिन्यात वाढत नाही. म्हणून घर घेण्याआधी काही महिन्यांचे हप्ते आणि एका मोठ्या दुरुस्तीची रक्कम वेगळी असावी, आणि अनामत त्याहूनही वेगळ्या खात्यात असावी. भाड्यावर आणि विक्रीवर कर कसा लागतो, कोणता खर्च वजा होतो, हे मात्र ठिकाणागणिक बदलते. ते करसल्लागाराला खरेदीपूर्वी विचारावे.

राहिला शेवटचा प्रश्न, किंमत वाढण्याचा. किंमत वाढेलही. परंतु वाढलेल्या किमतीतून या महिन्याचा हप्ता भरता येत नाही, ती हाती येते विक्री झाल्यावर, आणि तीही दलाली व कर वजा होऊन. माझ्या वहीत तिच्यासाठी रकाना नाही.

नमस्कार.