विशीतलं टक्कल

(दृश्य : लिफ्ट. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र छोट्या पडद्यावर दिसतंय. चार-पाच डोकी, वरून.)

आपलं डोकं वरून कसं दिसतं, हे वर्षानुवर्षं आपल्याला कळतच नाही. आरसा फक्त समोरचं दाखवतो. मग एक दिवस लिफ्टमधल्या पडद्याकडे सहज नजर जाते आणि मनात येतं, हा विरळ केसांचा माणूस कोण बरं? शर्ट तर आपलाच आहे.

त्या दिवसापासून एक छुपं काम मागे लागतं. आंघोळ झाली की जाळीवर अडकलेले केस मोजायचे. उशी झटकण्याआधी निरखायची. मोबाइल डोक्यावर धरून, अंदाजाने बटण दाबून भोवऱ्याचा फोटो काढायचा, हलला की पुन्हा काढायचा. गेल्या वर्षीच्या फोटोत कपाळ किती मोठं होतं, ते दोन बोटांनी स्क्रीन ताणून बघायचं. बैठकीत नेमकी दिव्याखालची खुर्ची सोडायची. सेल्फीसाठी कुणी हात उंच केला की आपण मान वर करायची. समोरून वारा आला की केसांवर हात, आणि पोहायला जाऊया म्हटलं की सर्दी झालेली असते.

हे सगळं कुणालाही न सांगता चालतं. पन्नाशीत केस गेले तर लोक म्हणतात, वय झालं. बाविशीत गेले तर आजूबाजूला सगळ्यांच्या डोक्यावर रान असतं आणि आपलंच तेवढं ओसाड पडत चाललंय असं वाटतं. केस जाण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, हे लपवत राहणं माणसाला दमवतं. आपण दोन्हींबद्दल बोलणार आहोत.

(दृश्य : पांढऱ्या कागदावर दोन केस, शेजारी शेजारी. कॅमेरा अगदी जवळ.)

आधी केस. हा डावीकडचा जाड आहे, लांब आहे, आणि त्याचं टोक बोथट आहे. म्हणजे कधीतरी त्याला कात्री लागली. उजवीकडचा पेरभर लांबीचा, बारीक, टोकाला निमुळता. याला कात्री कधी लागलीच नाही, कारण कात्रीला सापडण्याइतका तो वाढलाच नाही. जाळीवर किती केस पडले, यापेक्षा त्यात हे दुसऱ्या जातीचे किती आहेत, यावरून जास्त समजतं.

डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि धडधाकट माणसाचेही रोज 50 ते 100 गळतात. एक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग काही आठवडे मूळ आक्रसतं, सुमारे 3 महिने विश्रांती घेतं, केस गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. ज्यांना आनुवंशिक टक्कल पडतं, त्यांच्यात दर फेरीला वाढीचा काळ आखडत जातो. नवा केस आधीच्यापेक्षा आखूड, त्यानंतरचा आणखी बारीक, आणि शेवटी नुसती लव उरते. म्हणजे बराच काळ केसांची संख्या फारशी घटलेलीच नसते, जाडी घटलेली असते.

हे करतं कोण? टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून 5-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम डीएचटी नावाचं दुसरं संप्रेरक बनवतं. टाळूवरची आणि कपाळाजवळची काही मुळं या डीएचटीला संवेदनशील असतात. मागची आणि कानांवरची नसतात, म्हणून तिथली झालर शेवटपर्यंत टिकते. आणि गंमत बघा, हेच डीएचटी हनुवटीवर दाढी वाढवतं. टक्कल पडलेल्यांच्या रक्तात पुरुषी संप्रेरक जास्त असतं, ही समजूत मात्र खोटी. प्रमाण चारचौघांइतकंच असतं. मुळांचा स्वभाव वेगळा असतो आणि तो वारशाने येतो.

मामाकडे बघून भाच्याचं भविष्य सांगणारे घरोघरी भेटतात. त्यांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या एका महत्त्वाच्या जनुकाची जागा एक्स गुणसूत्रावर आहे, आणि ते मुलाला आईकडूनच मिळतं. पण त्याच्या जोडीला इतर कितीतरी जनुकं असतात, आणि ती दोन्हीकडून येतात. टोपी, हेल्मेट, रोजचा शाम्पू यांचा या प्रकाराशी संबंध नाही. तेव्हा आरोपींच्या यादीतून त्यांची नावं काढून टाका.

(दृश्य : जुनी वैद्यकीय रेखाचित्रं. कपाळाची रेघ टप्प्याटप्प्याने मागे जाते.)

किशोरवयाआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही, हे प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या काळापासून लोकांच्या लक्षात आलं होतं. 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्यावर नेमकं बोट ठेवलं. अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागत. त्यानेच पुढे केस मागे हटण्याचे टप्पे आखले, आणि 1975 मध्ये ओ'टार नॉरवुड यांनी ते सुधारले. आजही त्वचारोगतज्ज्ञ ‘नॉरवुड तीन’, ‘नॉरवुड चार’ असं बोलतात, ते याच मोजपट्टीवरून.

मग 1974 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांचे सहकारी तिथल्या अशा पुरुषांचा अभ्यास करत होते, ज्यांच्यात डीएचटी बनवणारं ते एन्झाइम जन्मतःच कमी होतं. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहायची आणि कपाळावरचे केस मागे हटायचे नाहीत. औषध बनवणाऱ्यांना आधी प्रोस्टेट दिसली. त्या एन्झाइमला रोखणारं औषध, फिनास्टेराइड, 1992 मध्ये अमेरिकेत वाढलेल्या प्रोस्टेटसाठीच मंजूर झालं. केसांसाठीची 1 मिलिग्रॅमची गोळी 1997 मध्ये आली. दुसरं औषध मिनॉक्सिडिल. ते मुळात रक्तदाबावरचं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले, आणि त्या तक्रारीतूनच 1988 मध्ये डोक्याला लावायचं द्रावण बाजारात आलं.

दोन्ही औषधं काम करतात. पण जाहिराती सांगत नाहीत ते इथे ऐकून घ्या. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, कारण जुने केस नव्यांना जागा करून देत असतात. नेमके इथेच घाबरून कितीजण बाटली फेकतात! फरक पडतोय की नाही हे कळायला 4 ते 6 महिने लागतात, आणि थांबवलं की मिळवलेलं हळूहळू जातं. फिनास्टेराइडने रक्तातलं डीएचटी सुमारे दोन तृतीयांशाने घटतं आणि बहुतेकांची गळती थांबते किंवा मंदावते. थोड्या पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होणं, ताठरतेची अडचण असे त्रास होतात. ते बहुतेकांचे औषध सोडल्यावर जातात, काहींनी ते टिकून राहिल्याची तक्रार केली आहे. 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हासुद्धा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. केस गेल्यामुळे जो आधीच खचलाय, त्याने ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून सुरू करू नये. मन कसं आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं, विचारलं नाही तरी सांगावं.

आणि सगळी गळती आनुवंशिक नसते. मोठा ताप, ऑपरेशन किंवा उपासमारीचं डाएट झालं की त्यानंतर 2-3 महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू शकतात, आणि बहुतेक वेळा आपोआप परत येतात. नाण्याएवढी गुळगुळीत चकती पडली तर ती चाई, म्हणजे शरीराच्या संरक्षणयंत्रणेने मुळांवर केलेला हल्ला. त्याचे उपचार निराळे. म्हणून आधी निदान, मग बाटली.

केशरोपणाबद्दल थोडक्यात. नॉर्मन ऑरेंट्राइश यांनी 1950च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये दाखवून दिलं की मागचं मूळ पुढे लावलं तरी ते आपला मूळचा चिवट स्वभाव सोडत नाही. सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. पण मागचा साठा मर्यादित असतो. बाविशीत घाईने कपाळ भरून घेतलं आणि त्यामागचे स्वतःचे केस तिशीत गेले, तर पुढे दाट झुबका आणि मागे रिकामी जागा, असं विचित्र डोकं उरतं. गळती कुठवर जाणार याचा अंदाज येईपर्यंत थांबायला सांगणारा सर्जन तुमचा गिऱ्हाइकापलीकडे विचार करतोय, असं समजा.

(दृश्य : संगमरवरी रोमन पुतळा. मग राजदरबारातलं तैलचित्र, खांद्यापर्यंत रुळणारा टोप.)

लपवण्याला मोठा इतिहास आहे. ज्युलियस सीझर मागचे केस पुढे ओढून विंचरायचा, आणि मिळालेल्या सगळ्या मानांपैकी कायम डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ घालायचा मान त्याला फार आवडायचा, असं रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलंय. फ्रान्सचा तेरावा लुई विशीतच केस गमावू लागला आणि 1624 च्या सुमारास टोप घालू लागला. दरबार मागोमाग. पुढची शंभर-दीडशे वर्षं युरोपातले सभ्य पुरुष टोप घालून घामाघूम होत राहिले. आणि 1977 मध्ये अमेरिकेत एका बाप-लेकाला चक्क बाजूचे केस तीन दिशांनी टकलावर पसरवायच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. हसा, जरूर हसा. पण ते पेटंट ज्याने पहिल्यांदा वाचलं असेल, त्याने ते आरशासमोर उभं राहून करूनही पाहिलं असेल.

एवढी लपवाछपवी करून लोकांना खरंच किती दिसतं? 2000 मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. विद्यार्थ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असणार. प्रत्यक्षात पाहिलं होतं साधारण चौथ्या हिश्श्याने. बाकीचे आपापल्या टी-शर्टच्या विचारात असावेत.

आता, ‘कुणाला काही दिसत नाही’ असं म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. दिसतं. 2012 मध्ये अमेरिकी संशोधक अल्बर्ट मॅनेस यांनी पुरुषांचे फोटो घेतले, त्याच फोटोंतले केस संगणकाने पुसले, आणि लोकांना दाखवले. बिनकेसांची आवृत्ती लोकांना जास्त दबदब्याची वाटली, जवळपास 1 इंच उंच आणि 13 टक्के ताकदवान वाटली. त्याचबरोबर वयाने थोडी मोठी आणि दिसायला थोडी डावी. लोकांच्या मतात सर्वांत मागे पडले ते अर्धवट विरळ केसांचे पुरुष, ना इकडचे ना तिकडचे. म्हणजे आपण जी अवस्था जिवापाड सांभाळतो, तीच नेमकी सर्वांत तोट्याची.

(दृश्य : कॉलेजचा कट्टा. आवाज नाही, फक्त हसणारे चेहरे.)

मित्रांचं काय करायचं? ‘टकल्या’ ही हाक कुठल्याशा दुपारी पडते आणि चिकटते. मग बरेचजण एक युक्ती शिकतात. दुसऱ्याने बोलायच्या आत स्वतःच स्वतःच्या डोक्यावर विनोद करायचा. एकदा-दोनदा ठीक. पण दर भेटीत तेच चाललं असेल, तर तो विनोद म्हणजे आणखी एक टोपीच झाली. त्यापेक्षा ज्या मित्राशी बरं जमतं, त्याला एकट्याला गाठून सांगावं, ‘बाकी काहीही बोल, हे नको. मला लागतं.’ सांगताना जीभ जड होते, कारण पुरुषाने केसांसाठी हळहळणं हे नटवेपणाचं मानलं जातं. दाढी, खांदे, पगार यांची काळजी केलेली चालते, केसांचीच का चालू नये, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. आणि तुम्ही जर तो मित्र असाल, तर उपायही सुचवू नका. त्याने ते सगळे तुमच्याआधी वाचलेत.

काहींचं मात्र एवढ्यावर भागत नाही. आरशासमोर रोज तास-तासभर जातो, टोपीशिवाय दार ओलांडवत नाही, परीक्षा बुडते, नोकरीच्या मुलाखतीला जावंसं वाटत नाही. हे केसांच्या डॉक्टरचं काम राहिलेलं नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. विचार आणि वागणं यांची सांगड सोडवणाऱ्या उपचारपद्धतीचा अशा ध्यासावर उपयोग होतो, आणि केस परत येण्याची वाट न बघता होतो.

(दृश्य : केस कापायचं मशीन. त्यावर बसवायच्या कंगव्यांचे आकडे, एकापाठोपाठ एक.)

शेवटी मशीन. एकदम वस्तऱ्यापर्यंत जायची गरज नसते. आधी 3 नंबर, चार दिवसांनी 2, मग 1. विरळ केस आखूड केले की भोवरा आणि कडा यांतला फरक पुसट होतो, आणि दाढी थोडी राखली तर चेहऱ्याला खालून आधार मिळतो. टाळूला ऊन कधी लागलेलं नसतं, ती पहिल्याच दिवशी भाजते. सनस्क्रीन कानांच्या वरच्या कडेलाही लावा, तिथे सगळे विसरतात. वस्तरा घेतलात तर केस आधी गरम पाण्याने मऊ करा आणि वाढीच्या दिशेनेच फिरवा, नाहीतर मानेवर पुटकुळ्या येतात. उरलेले केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात. नाही आवडलं, तर दोन महिन्यांत बोटांत धरण्याइतके परत येतील. औषधं चालू असतील तर तीही चालू ठेवता येतात, मशीनची त्यांना काहीच आडकाठी नाही. उलट आखूड केसांत द्रावण थेट कातडीला लागतं.