पैसा आहे, पण मंगळवारी नाही

(इचलकरंजीतल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना माझ्या नावापुढं 'अर्थतज्ज्ञ' लावलं गेलं, ते आधी खोडतो. मी एका पतसंस्थेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकोणीस काउंटरवर. पैसे काढायला आलेल्या माणसाला किती घाई आहे हे मला पावती लिहायच्या आधी कळतं. तेवढंच माझं शिक्षण.

दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक मंगळवार सांगतो. दुपारचे चार वाजून गेलेले, रोकड मोजून तिजोरीत निघालेली. एक जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा कारागीर, आला, हाताला मागाचं तेल तसंच. वडिलांना डेंग्यू झालेला, दवाखान्यानं पंचवीस हजार डिपॉझिट मागितलेलं. त्यानं पिग्मीचं पुस्तक पुढं केलं. रोजचे साठ रुपये, दहा महिने, एक दिवस खाडा नाही. अठरा हजार जमले होते. मी म्हटलं, "वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळणार नाही, वर कमिशन कापलं जाईल. आणि सही करणारे साहेब गेलेत. उद्या दहाला या." तो म्हणाला, "मग बायकोची बोरमाळ ठेवून घ्या." दोन तोळ्यांची होती. पण सोनं तपासणारा सराफ आमच्याकडं सकाळीच यायचा. तेही उद्याच. नऊ वर्षं हप्ते भरलेली विमा पॉलिसी होती, तिचे पैसे यायला पंधरा दिवस. भिशी होती, तिचा नंबर दिवाळीत.

हिशेब केला तर त्या माणसाकडं लाखाच्या पुढं ऐवज होता. आणि मंगळवारी संध्याकाळी त्यानं गल्लीतल्या एकाकडून वीस हजार घेतले, शेकडा दहानं. महिन्याला दोन हजार व्याज, मुद्दल जागच्या जागी. सात महिने त्यानं ते भरलं. चौदा हजार. हे मला तो स्वतःच सांगून गेला, पिग्मी बंद करायला आला तेव्हा. नियमानं मी चुकलो नव्हतो. पण ते 'उद्या दहाला या' अजून कानात आहे.

सांगायचंय ते एवढंच. आपल्याकडं बचतीवर बोलणारे सगळे असं धरून चालतात की लोक बचत करत नाहीत. बचत करायची ऐपतच नाही अशी घरं आहेत, आणि ती थोडी नाहीत. त्यांना बचतीवर व्याख्यान देणं हा उद्धटपणा आहे. पण त्यांच्या वरच्या पायरीवर एक फार मोठा वर्ग आहे जो पोटाला चिमटा घेऊन पैसे टाकतो आणि नडीच्या दिवशी रिकाम्या हातानं उभा राहतो. का, तर त्याचा सगळा पैसा कुलपात असतो. आणि ते कुलूप उघडायची वेळ दुसरा कुणीतरी ठरवतो.

पिग्मीचंच बघा. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं ही योजना 1928 साली आणली, रोज दोन आण्यांची. ती बँकच मुळी तिकडच्या अडचणीत आलेल्या विणकरांच्या आधारासाठी 1925 साली निघाली होती. म्हणजे आपल्यासारख्यांचीच गोष्ट. ज्याची मिळकत रोजची किंवा आठवड्याची, त्याच्याकडं महिन्याचा हप्ता मागायचा नाही, एजंटनं दारात जायचं आणि चहा-पानाला जातील तेवढे पैसे उचलून आणायचे. इतकी शहाणी कल्पना बँकिंगमध्ये मी दुसरी पाहिली नाही. एजंट दारात येतो म्हणूनच पैसा साठतो, नाहीतर साठ रुपये घेऊन बँकेच्या रांगेत कोण उभं राहील? पण आत घ्यायला एजंट रोज दारात, आणि परत द्यायला मात्र अर्ज, दोन सह्या आणि उद्या दहा. आवक दारात आणि जावक साहेबांच्या टेबलावर, असा हा व्यवहार.

सोन्याचंही तसंच. आपल्या बायकांनी सोन्याला कधी गुंतवणूक म्हटलं नाही, 'अडीनडीला कामाला येतं' एवढंच म्हटलं. त्यांचं बरोबर होतं हे 2020 साली रिझर्व्ह बँकेनंच दाखवून दिलं. एरवी दागिन्यांवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळायचं, ती मर्यादा कोरोनात बँकांसाठी 90 टक्क्यांवर नेली. ज्यांचा पीएफ होता त्यांना त्याच सुमाराला त्यातून तीन महिन्यांच्या पगाराइतकी किंवा शिलकीच्या 75 टक्के, यातली कमी असेल ती रक्कम काढायची सोय झाली. ज्यांचा पीएफ नव्हता त्यांनी पाटल्या काढल्या. आमच्या काउंटरवर त्या उन्हाळ्यात पाकिटं ठेवायला जागा पुरत नव्हती. ज्यांच्या पाटल्या परत गेल्या नाहीत, त्यांतल्या काहींची नावं मला पाठ आहेत.

आता डब्याकडं येतो. बायका हसायला लागल्या, म्हणजे कुठला डबा ते सांगायला नको.

डाळीच्या डब्यातला, साडीच्या घडीतला, देव्हाऱ्याच्या खालचा पैसा. भाजीतून, दुधातून, भाऊबिजेच्या ओवाळणीतून वाचवलेला. माझ्या मते आपल्या घरांचा खरा आकस्मिक निधी तोच होता. त्याला अर्ज नाही, सराफ नाही, चार वाजता बंद होणं नाही. रात्री दोनला पोराला ताप भरला तर हात घातला की निघतो. आणि त्याची खरी ताकद अशी की तो घरातल्या कर्त्या माणसाला ठाऊक नसे. ठाऊक असता तर मेव्हण्याच्या लग्नात नाहीतर मोटारसायकलच्या हप्त्यात गेला असता. (पुरुषमंडळी हसत नाहीयेत, तेही माझ्या ध्यानात आलंय.)

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी बँका बंद, तिसऱ्या दिवसापासून रांगा. त्यावर काळ्या पैशाच्या अंगानं खूप बोलून झालंय. पतसंस्थेला त्या जुन्या नोटा घेता येत नव्हत्या, पण बँकेच्या रांगेत मला वेगळंच दिसलं. बायका नवऱ्यांबरोबर येत होत्या, मान खाली घालून, जणू चोरी सापडलीय. एका बाईच्या रुमालात एकेचाळीस हजार होते. एकवीस वर्षांच्या संसारात साठलेले. नवरा सारखा एकच वाक्य म्हणत होता, "एवढे होते आणि मी गेल्या वर्षी कर्ज काढलं." बाई गप्प. सरकारनं सांगितलं होतं की अडीच लाखांपर्यंत जमा केलेल्या गृहिणींना कुणी विचारणार नाही. सरकारनं विचारलं नसेल, पण घरच्यांनी विचारलंच. पैसा कुठं बुडाला नाही, खात्यात जमा झाला, पण त्याला आता पत्ता मिळाला होता. एटीएमचं कार्ड नवऱ्याच्या खिशात. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातलं काही उरलं नाही, असं मला एकीनं नाही, अनेकींनी सांगितलं.

म्हणून कुणी 'घरात रोकड ठेवणं अडाणीपणाचं' म्हणालं की मी विचारतो, 2019 च्या ऑगस्टमध्ये तुम्ही कुठं होता? पंचगंगा गावात शिरली होती, महामार्ग बंद, वीज नाही, एटीएम बंद. त्या आठवड्यात लॉकरमधलं सोनं आणि खात्यातले लाख सारखेच निरुपयोगी होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या शंभराच्या नोटा तेवढ्या चालत होत्या.

मधे एक आकडा बराच गाजला. 2022-23 मध्ये देशातल्या घरांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली. कोरोनाच्या पहिल्या वर्षी ती अकरा टक्क्यांच्या वर होती. लगेच लेख आले, लोक उधळे झाले म्हणून. पण 'निव्वळ' म्हणजे त्या वर्षी काढलेलं कर्ज वजा जाता. कर्ज वाढलं की हा आकडा पडतो. आणि कर्ज काही सगळं मोबाइलसाठी काढलेलं नसतं.

दवाखाना घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजना चांगली आहे, दीड लाखांची मर्यादा आता पाच लाख झालीय, अंगीकृत दवाखान्यात गेल्याबरोबर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं बसलेल्या योजनेच्या माणसाला, गाठा, रेशनकार्ड बरोबर ठेवा. पण योजनेत ऑपरेशन बसतं. बरोबरच्या माणसाचं जेवण, रिक्षा आणि दोघांचा बुडालेला रोजगार त्यात बसत नाही. त्या पंधरा-वीस हजारांसाठीच माणूस शेकडा पाचच्या दारात जातो. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. परवानाधारक सावकाराला बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. पण परवाना विचारतो कोण, आणि रात्री आठला विचारतो कोण?

किती पैसा हाताशी ठेवावा, असं मला नेहमी विचारतात. पेपरात सहा महिन्यांचा खर्च लिहिलेला असतो. महिन्याला सोळा हजार मिळवणाऱ्याला सहा महिन्यांचा खर्च साठवायला सांगा, तो तुमच्याकडं बघेल आणि उठून जाईल. मी एवढंच म्हणतो, आधी एक आठवडा. एका आठवड्याचा पगार असा असू दे की तो काढायला कुणाची सही लागणार नाही. मग दोन आठवडे. पिग्मी चालू ठेवा, पण साठातले पन्नास तिकडं आणि दहा बचत खात्यात. व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. शेकडा दहा वाचवणं हेच त्याचं व्याज.

आणखी एक गोष्ट, जी सांगितली म्हणून माझे जुने सहकारी रागावतील. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी 2020 पासून. सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पाटीवर 'सहकारी' दोन्हीकडं असतं म्हणून लोकांचा गोंधळ होतो. विमा असला तरी ताबडतोब पैसे मिळतात असंही नाही. 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजार रुपयेच काढता येत होते. म्हणून सगळं एकाच ठिकाणी नको. माझं घर पतसंस्थेच्या पगारावर उभं राहिलं, तरी हे सांगतो.

शेवटी एक चिठ्ठी आलीय, 'तुमच्या घरात डबा आहे का?' होता. नोव्हेंबर 2016 मध्ये आमच्या घरातूनही अठ्ठावीस हजार निघाले, ते मीच बँकेच्या रांगेत उभा राहून भरले, आणि तेव्हा मलाही त्या नवऱ्यासारखंच वाटलं होतं. परवा नातवाला रात्री अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. मी पाकीट शोधतोय तोवर हिनं सहा हजार माझ्या हातात ठेवले. कुठून आणले, मी विचारलं नाही.