सहाचा बोल्ट आणि टॉर्क पाना

(दृश्य: कुपवाड एमआयडीसीच्या कडेचं एक छोटं गॅरेज. स्टँडवर उभी सायकल, फ्रेमच्या त्रिकोणात बसवलेलं टू-स्ट्रोक इंजिन.)

सहाचा बोल्ट, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचा. दहाच्या पान्याने खोलतो, तोच. सायकलला जोडायच्या छोट्या इंजिनात हा सगळीकडे असतो. क्रँककेसला, कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीला (मॅनिफोल्डला), सायलेन्सरच्या तोंडाशी आणि लहान इंजिनांत थेट हेडवरसुद्धा. आणि आवळताना तुटतो तोही बहुतेक वेळा हाच.

सांगली भागातल्या मिस्त्र्यांचा हात मोठ्या लोखंडावर घडलेला आहे. उसाच्या ट्रॉल्या, ट्रकचे व्हील नट, विहिरीवरचे पंप. तिथे पान्यात पाइप घालून ओढलं तरी निभावून जातं. मग त्याच हाताखाली कधी द्राक्षबागेतला पाठीवरचा फवारणी पंप येतो, कधी कुणाची जपून ठेवलेली लूना, तर कधी हे सायकलचं किट. तिन्हींच्या इंजिनाची बॉडी अॅल्युमिनियमची, बोल्ट बारीक. शेजारी उभं गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, गच्च आवळा हं, परत ढिलं व्हायला नको." मिस्त्री गच्च आवळतात, आणि आटे जातात.

यात मिस्त्र्यांच्या हाताची कमतरता नाही. हाताला ताकदीचा अंदाज येतो, बोल्टच्या ताणाचा येत नाही. ही फिल्म त्या फरकाबद्दल आहे.

(दृश्य: व्हाइसमध्ये धरलेला बोल्ट, जवळून.)

बोल्ट आवळतो तेव्हा तो लांबतो. डोळ्याला दिसणार नाही इतका, पण लांबतो, आणि स्प्रिंगसारखा परत आखडायला बघतो. त्या आखडण्याच्या ओढीनेच दोन भाग एकमेकांना धरून राहतात. पाना फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. सहाचा बोल्ट १० न्यूटन-मीटरला आवळला, तर तो सुमारे ८०० किलोच्या जोराने पकडतो. एवढासा बोल्ट आणि ८०० किलो!

आता पान्याकडे बघा. दहाचा साधा पाना जेमतेम १५ सेंटीमीटर लांब असतो. त्याच्या टोकाला सात किलोची ओढ दिली की १० न्यूटन-मीटर झाले. सात किलो म्हणजे मनगटाची साधी हालचाल. ट्रकवर काम केलेला माणूस सहज वीस किलो लावतो, आणि दुपटीच्या आसपास गेलं की सहाचा साधा बोल्ट तुटायच्या बेतात येतो. बोल्ट टिकला, तर अॅल्युमिनियममधले आटे उपटून येतात. मग ड्रिल मारा, नवे आटे पाडा, हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची तारेची स्प्रिंग, बसवा. बारीकशा बोल्टपायी अख्खा दिवस जातो.

ढिलं राहिलं तर काय होतं, हे जास्त नीट समजून घ्यायला हवं, कारण ते लगेच दिसत नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात हवा, पेट्रोल आणि ऑइल क्रँककेसमधूनच वर जातात. ब्लॉकखालचं पॅकिंग किंवा मॅनिफोल्डचा जोड जरा जरी सैल असेल, तर इंजिन तिथून फुकटची हवा ओढतं. या हवेबरोबर पेट्रोल नसतं आणि ऑइलही नसतं. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, वंगण कमी पडतं, आणि एखाद्या चढावर इंजिन जाम होतं. मालक म्हणतो, ऑइल कमी टाकलं होतं. पुष्कळदा खरं कारण असतं अर्धा फेरा ढिला राहिलेला बोल्ट. हेडच्या जोडाशी काळं, ओलसर ऑइल दिसायला लागलं, तर पेट्रोलचं प्रमाण तपासण्याआधी तिथले नट बघा.

(दृश्य: कपाटातून निघणारा लांब, जड टॉर्क पाना. शेजारी दुसरा, वीतभर लांबीचा.)

बऱ्याच गॅरेजमध्ये टॉर्क पाना असतो. त्यावर आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की तो 'टक्' वाजतो. पण तो अर्ध्या इंची चौकोनाचा (ज्यावर सॉकेट बसतं तो चौकोन), ४० ते २०० न्यूटन-मीटरचा, चारचाकीच्या चाकांसाठी घेतलेला. तो या इंजिनाला लावायचाच नाही. त्याचा 'टक्' ऐकू यायच्या आधी सहाचा बोल्ट तुटलेला असेल. इथे हवा तो पाव इंची चौकोनाचा, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा पाना. माझं स्पष्ट मत आहे, एकच घ्यायचा असेल तर छोटा घ्या. हाताचा अंदाज बारीक बोल्टवर जास्त फसतो.

टक् वाजला की थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा ओढायचं नाही, कारण दुसऱ्या ओढीत बोल्ट आणखी फिरतो. हा पाना बोल्ट खोलायला वापरायचा नाही. काम झालं की आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, म्हणजे आतली स्प्रिंग दबून राहत नाही.

पाना खरं बोलतो का, हे गॅरेजमध्येच तपासता येतं. चौकोनी टोक व्हाइसमध्ये पकडा, पाना आडवा, सपाट राहू द्या. चौकोनाच्या मध्यापासून मुठीवर २० सेंटीमीटर मोजून तिथे दोरीने ५ किलोचं मापाचं वजन लटकवा. झाले जवळजवळ १० न्यूटन-मीटर. पान्याच्या स्वतःच्या वजनाने किंचित भर पडते, तेवढी धरा. आकडा दहाच्या आसपास लावला असताना टक् यायला हवा. आकडा नऊला लावूनही येत नसेल किंवा तेराला लावूनही येत असेल, तर पाना दुरुस्तीला द्या.

(दृश्य: जुन्या माहितीपुस्तकाची तेलकट पानं.)

आकडे वाचताना एकक बघा. जुन्या देशी गाड्यांच्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर असतं. त्याला साधारण दहाने गुणलं की न्यूटन-मीटर येतात. बाहेरून आलेल्या किटच्या कागदावर इंच-पाउंड असतात. तिथे नऊने भागा, अंदाज येतो. सायकलचं जे इंजिन ८० सीसी म्हणून विकतात, ते ४७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ३८ मिलिमीटर स्ट्रोकने (पिस्टनची वर-खाली चाल) मोजलं तर ६६ सीसी भरतं. त्याच्या हेडवर आठचे स्टड, म्हणजे वरून नट बसणारे आट्यांचे दांडे, असतात. पण आठच्या चांगल्या बोल्टचा २०-२५ चा आकडा इथे लावू नका. स्टड मऊ असतात. १३ ते १६ च्या दरम्यान राहिलेलं बरं.

आणि आटे कोरडे की ऑइल लावलेले, हेही बघा. आवळताना लावलेल्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग घर्षणातच जातो, ताणाला उरतात दहा. ऑइलने घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला बोल्ट पाव ते तिसरा हिस्सा जास्त ताणला जातो. पुस्तकातला आकडा बहुतेक वेळा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतो.

(दृश्य: कृष्णेचा घाट, इर्विन पुलावरून जाणाऱ्या सायकली.)

सायकल आणि यंत्र ही जोडी या जिल्ह्याला जुनी ओळखीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. तिथून ते लोखंडी नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रांकडे वळले, आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसवली. आज ती पलूस तालुक्यात आहे. पुढे १९७२ साली कायनेटिकने पॅडल असलेली ५० सीसीची लूना आणली, आणि सायकलला इंजिन ही कल्पना गावोगाव पोचली.

एक कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. त्यावर गेलं की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं. ६६ सीसीचं किट बसवून मिरज रोडवर निघायचं असेल, तर हे आधी माहीत असू द्या.

(दृश्य: हेड बसवताना. चार नट, हातात छोटा पाना.)

हेड बसवताना आधी चारही नट बोटांनी टेकवायचे. मग समोरासमोरचे, तिरप्या जोडीने. पहिल्या फेरीत आकड्याचा एक तृतीयांश, दुसऱ्यात दोन तृतीयांश, तिसऱ्यात पूर्ण. एकच नट आधी पूर्ण आवळला, तर हेड एका बाजूला बसतं आणि पॅकिंग दुसऱ्या बाजूने गळतं. प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा; वायशर नवा असेल तर त्यापुढे अर्धा फेरा किंवा थोडा जास्त, जुना प्लग परत बसवत असाल तर अगदी जरासा.

पहिली टाकी संपली की चारही नट पुन्हा तपासायचे, कारण नवं पॅकिंग दबून बसतं. मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी. तापलेलं अॅल्युमिनियम स्टीलच्या स्टडपेक्षा जास्त फुगलेलं असतं, त्यामुळे गरम इंजिनावर पाना लावला तर टक् चुकीच्या जागी वाजतो.